पावसात कागद, दिवाळीनंतर काम: नगरपरिषदेत ठेकेदार म्हणून नोंदणी कशी करायची

आमच्या वाडीतल्या पाखाडीचं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या पायवाटेचं, काम निघालं, तेव्हा ते मीच करणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. बाबा चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) गवंडी. मी स्थापत्यची पदविका घेऊन त्यांच्याच हाताखाली घरं बांधत आलेला. निविदा निघाली ऑक्टोबरात, भरायला जेमतेम आठवडा, आणि माझ्याकडे नोंदणीचा एक कागद नाही. काम तालुक्याबाहेरच्या ठेकेदाराला गेलं. त्याने ते खाली कोणाला दिलं? मला. पाखाडी मी बांधली, बिल त्याचं निघालं आणि अनुभवाचा दाखलाही त्याच्याच नावावर गेला.

पुढच्या पावसाळ्यात मी नोंदणीच्या मागे लागलो. दोन वेळा अर्ज परत आला, तिसऱ्यांदा झाला. त्या तीन फेऱ्यांमध्ये जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. रत्नागिरी, चिपळूण, राजापूर, मालवण, वेंगुर्ला, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या नगरपरिषदा काय किंवा गुहागर, दापोली, कुडाळ, देवगड-जामसंडे या नगरपंचायती काय, सगळ्या १९६५ च्या एकाच अधिनियमाखाली चालतात. पण ठेकेदार नोंदणीचं शुल्क, अनामत रक्कम, वर्ग आणि त्यांच्या मर्यादा जागोजागी वेगळ्या असतात आणि बदलतही असतात. म्हणून शुल्काचे आकडे माझ्याकडून किंवा मित्राकडून घेऊ नका. बांधकाम विभागात जाऊन चालू वर्षाचा नमुना अर्ज आणि अटींचा कागद हातात घ्या.

१. आधी ठरवा, नेमकं कोणतं ‘लायसन’ हवंय

‘लायसन काढायचंय’ म्हणत माणूस नगरपरिषदेत शिरतो आणि चार टेबलं फिरून घरी येतो. कारण त्या एका शब्दाखाली पाच वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली गोष्ट, घराच्या नकाशावर सही करणाऱ्याचा परवाना. लोकांची घरं बांधायला ठेकेदाराला नगरपरिषदेचं लायसन लागत नाही. बांधकाम परवानगी लागते ती मालकाला. तिच्या नकाशावर सही लागते वास्तुविशारदाची किंवा परवानाधारक अभियंत्याची, लहान कामांना परवानाधारक सुपरवायझरची. हा परवाना तांत्रिक माणसाचा असतो. त्याची पात्रता डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दिली आहे. तुम्ही फक्त खासगी घरंच बांधणार असाल तर लेखाचा पुढचा भाग वाचायची गरज नाही. फक्त समुद्राजवळच्या प्लॉटवर हात घालण्याआधी मालकाकडे सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) मंजुरी आहे का ते विचारा. नाहीतर काम अर्ध्यावर बंद पडतं आणि मजुरी तुमची अडकते.

दुसरी गोष्ट, नगरपरिषदेच्या स्वतःच्या यादीत ठेकेदार म्हणून नोंदणी. तिसरी, सार्वजनिक बांधकाम विभागाची वर्गवार नोंदणी. बऱ्याच नगरपरिषदांच्या निविदेत ‘सा. बां. विभागाकडील योग्य वर्गातील नोंदणी’ हीच अट असते. म्हणजे नगरपरिषदेची नोंदणी असूनही मोठ्या कामाला तुम्ही बाद. चौथी, वीजकामाचा परवाना. तो राज्याच्या विद्युत अनुज्ञापक मंडळाकडून येतो, नगरपरिषदेचा त्याच्याशी संबंध नाही. पाचवी, नळजोडणीसाठी प्लंबर परवाना. हा मात्र नगरपरिषदेचाच, पण पाणीपुरवठा विभागाचा.

ओळखायचा सोपा मार्ग असा. तुम्हाला ज्या प्रकारची कामं करायची आहेत, गटार, पाखाडी, संरक्षक भिंत, गणेशघाट, त्यांच्या गेल्या वर्षीच्या तीन-चार निविदा काढा आणि पात्रतेचं पान वाचा. तिथे ज्या नोंदणीचं नाव आहे तीच काढा.

आणि तुमच्याकडे स्थापत्यची पदवी किंवा पदविका असेल, तर आधी ‘सुशिक्षित बेरोजगार अभियंता’ म्हणून सा. बां. विभागात नोंदणी होते का ते बघा. सा. बां. आणि जिल्हा परिषदेच्या ठरावीक रकमेपर्यंतच्या लहान कामांचं वाटप ठरलेल्या प्रमाणात तिघांत होतं. एक वाटा मजूर सहकारी संस्थांना, एक सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, उरलेला खुल्या ठेकेदारांना. अभियंत्यांच्या वाट्याची कामं काम वाटप समितीत सोडतीने मिळतात, तिथे दराची स्पर्धा करावी लागत नाही. माझ्याकडे पदविका असून ही गोष्ट मला दोन वर्षं कोणी सांगितली नाही. सांगतील कशाला? सांगणारे सगळे खुल्या वर्गातले.

२. कागदांची आगोट मिरगाआधी नाही, मिरगानंतर

आगोट म्हणजे पावसाळ्याआधी करायची बेगमी; कागदांची मात्र पावसाळ्यात करायची. आपल्याकडे मिरग (जूनच्या सुरुवातीचं मृग नक्षत्र) लागला की बाहेरची कामं थांबतात. डांबर टाकता येत नाही, पाया खणला की विहीर होते. जून ते सप्टेंबर ठेकेदार घरी असतो. म्हणून हेच चार महिने कागदांचे. दिवाळीनंतर निविदा निघायला लागतात, जानेवारी ते मार्च तर रांगच लागते, आणि तेव्हा नोंदणीसाठी धावायला तुमच्याकडेही वेळ नसतो आणि टेबलावरच्या माणसाकडेही नसतो.

जूनमध्ये पॅन-आधारमधल्या दुरुस्त्या, जीएसटी, व्यवसाय कर. आयकराचं विवरण भरून झालं की लगेच सीएचे दाखले. ऑगस्टमध्ये बँकेचा ऐपत दाखला आणि मग अर्ज. हा अर्ज गणपतीच्या निदान दोन आठवडे आधी आत गेला पाहिजे. कोकणात गणपतीच्या दिवसांत कार्यालय उघडं असतं, पण ज्याची सही हवी तो माणूस आरतीला असतो. शिवाय अतिवृष्टीच्या दिवसांत नगरपरिषदेचे अभियंते आपत्कालीन कामावर असतात. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला, त्यानंतरच्या दिवसांत तिथे नोंदणीची फाइल कोण बघणार होतं? असे दिवस हिशेबात धरून चाला.

३. नाव एकच, सगळीकडे

माझा पहिला अर्ज याच कारणाने परत आला. आधारवर माझं, बाबांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव. पॅनवर बाबांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. बँकेत आडनावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं, कारण शाळेच्या दाखल्यावर तसं होतं. घरात आपण तिन्ही माणसं एकच, संगणकाला तीन.

दुरुस्ती कुठून सुरू करायची यालाही क्रम आहे. आधी आधार, मग त्याप्रमाणे पॅन, मग बँक, मग जीएसटी. उलटं केलंत तर दोनदा करावं लागेल. फर्मचं नाव ठेवणार असाल तर तेही पहिल्याच दिवशी पक्कं करा. ‘श्री’ लावायचं की नाही, ‘कन्स्ट्रक्शन’ की ‘कन्स्ट्रक्शन्स’, ‘आणि’ की ‘अँड’, हे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि पुढचा प्रत्येक फॉर्म त्यावर बघून भरा.

एकट्याने धंदा करत असाल तर प्रोप्रायटरीच ठेवा. भागीदारी करायचीच असेल तर करारनामा निबंधकाकडे नोंदवून घ्या, नुसता नोटरी केलेला करार पुरत नाही. एक लक्षात ठेवा, अनुभव ज्या पॅनवर केला त्याच पॅनवर बसतो. पाच वर्षं प्रोप्रायटर म्हणून काम करून मग भावासोबत कंपनी काढलीत, तर जुने दाखले नव्या कंपनीला जसेच्या तसे चालतीलच असं नाही.

४. लागणारे कागद

नगरपरिषदेची यादी थोडी इकडेतिकडे होईल, पण एवढं तयार असेल तर अडणार नाही:

- पॅन, आधार, फोटो, रद्द केलेला धनादेश.
- जीएसटी नोंदणी. सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर कायद्याने सक्ती नाही. पण निविदेत क्रमांक मागतातच, म्हणून स्वेच्छेने घ्यावी लागते. घेतली की काम असो वा नसो विवरणपत्र भरायचं. निरंक असलं तरी भरायचं, नाहीतर विलंब शुल्क चढत जातं.
- व्यवसाय कराची नोंदणी. यात दोन वेगळे दाखले असतात आणि लोक इथे चुकतात. पीटीईसी तुमच्या स्वतःच्या व्यवसायाचा, वर्षाला २,५०० रुपये. पीटीआरसी पगारी माणसांचा कर कापून भरण्यासाठी. यादीत ‘व्यवसाय कर प्रमाणपत्र’ इतकंच लिहिलेलं असेल तर कोणतं ते विचारून घ्या.
- दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, ज्याला सगळे शॉप ॲक्ट म्हणतात.
- उद्यम नोंदणी. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. पैसे मागणाऱ्या, सरकारी वाटाव्यात अशा वेबसाइट्स पुष्कळ आहेत, तिथे फसू नका. उद्यम असलं म्हणजे बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ हा समजही सोडा. ती सवलत मुख्यतः मालाच्या खरेदीला असते, बांधकामाच्या निविदेत अट वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.
- तीन वर्षांची आयकर विवरणं आणि सीएचा उलाढालीचा दाखला. दाखल्यावर यूडीआयएन क्रमांक हवा. तो नसलेला दाखला कोणी तपासूच शकत नाही.
- ऐपत दाखला. याच्यावर पुढे वेगळं लिहिलंय.
- अनुभवाचे दाखले.
- तांत्रिक माणसाचं नेमणूक पत्र आणि त्याच्या पदवी-पदविकेची प्रत. तुम्ही स्वतः पदविकाधारक असाल तर लहान वर्गात बहुधा तुमचंच चालतं.
- यंत्रसामग्रीची यादी, बिलांसह. मिक्सर, व्हायब्रेटर, सेंटरिंगच्या प्लेटा. कोल्हापूरहून जुना मिक्सर रोखीने आणला असेल तर त्याचं बिल नसतं. त्याच्याऐवजी भाडेकरार किंवा प्रतिज्ञापत्र चालेल का ते आधी विचारा.
- काळ्या यादीत नसल्याचं आणि माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने १०० आणि २०० च्या जागी किमान ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क आणलं. मुद्रांक घेण्याआधी कार्यालयात विचारा. जुना शंभरचा नमुना बघून कागद केलात तर पुन्हा करावा लागेल.
- घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला. घर बाबांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तरी ती भरून टाका.

प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही आणि तारीख. दोन संच करा. मूळ कागद फक्त दाखवायला न्यायचे, कोणाच्याही हाती ठेवून यायचे नाहीत.

५. ऐपत दाखला: कोकणातला खरा अडसर

ऐपत दाखला म्हणजे काम अंगावर घ्यायची तुमची आर्थिक कुवत आहे असं सांगणारा कागद. तो दोन ठिकाणी मिळतो, बँकेत किंवा तहसीलदारांकडे. अर्जाच्या अटीत कोणता चालेल ते लिहिलेलं असतं.

घाटावरच्या माझ्या वर्गमित्राने तहसीलचा दाखला सहज काढला. त्याच्या वडिलांच्या नावावर स्वतंत्र सातबारा, मूल्यांकन झालं, दाखला आला. मीही तोच मार्ग धरला आणि अडीच महिने घालवले. आमच्या सातबाऱ्यावर अडतीस नावं आहेत. त्यातली नऊ माणसं वारलेली, वारस लागलेले नाहीत. उरलेले निम्मे मुंबईला. कोणी लालबागला, कोणी विरारला, एक आत्या बडोद्याला. आंब्याची बाग आमच्याच कसणुकीत आहे हे गाव सांगेल, पण सामाईक जमिनीतला माझा हिस्सा किती आणि त्याची किंमत किती, हे सांगणारा कागद नाही. चाकरमानी गणपतीला आले तेव्हा संमतीपत्राचा विषय काढला, तर एका काकांना वाटलं मी जमीनच विकायला काढलीय. ती गजाल मिटवायला शिमगा उजाडला.

म्हणून माझं ऐका. सातबारा सामाईक असेल तर तहसीलचा नाद सोडून सरळ बँकेत जा. बँक तुमचं खातं बघते, विवरणं बघते, ठेवी बघते आणि शुल्क घेऊन दाखला देते. पण ज्या शाखेत तुमचा व्यवहार फिरतो तिथेच तो मिळतो. आपले ठेकेदार सगळं रोखीत करतात, खात्यावर वर्षभरात दोन नोंदी. असं खातं बघून कोणता शाखाधिकारी सही करेल? निदान सहा महिने आधीपासून चिरेवाल्याचे, सिमेंटवाल्याचे पैसे खात्यातून द्या, मालकाकडून येणारे खात्यात घ्या. एखादी मुदत ठेव त्याच शाखेत ठेवलीत तर बोलणं सोपं जातं.

दाखल्यावर तीन गोष्टी तपासा: नाव फर्मचं आहे का, रक्कम अंकी आणि अक्षरी सारखी आहे का, आणि तारीख. ऐपत दाखल्याला वय असतं, जुना झाला की चालत नाही. म्हणून हा कागद सगळ्यांत शेवटी काढायचा. मी सगळ्यांत आधी काढला होता आणि बाकीचे कागद जमेपर्यंत तो शिळा झाला. माझा दुसरा अर्ज त्या कारणाने परत आला.

६. अनुभव कुठून आणायचा

काम मिळायला अनुभव हवा आणि अनुभवाला काम, हे कोडं सगळ्यांनाच पडतं. सगळ्यांत खालच्या वर्गाला अट सौम्य असते, तिथूनच आत शिरा. पहिल्या वर्षी मोठा वर्ग मागून अर्ज अडकवण्यात शहाणपण नाही.

दुसऱ्याच्या नावावर केलेल्या कामाचा दाखला तुम्हाला मिळत नाही, हे माझ्या पाखाडीने शिकवलं. मुळात निविदेच्या अटींप्रमाणे काम परस्पर दुसऱ्याला देताच येत नाही, त्यामुळे ते कागदावर कोणी आणणारच नाही. खासगी घरांचा अनुभव काही ठिकाणी धरतात. त्यासाठी मालकाबरोबरचा लेखी करार, वास्तुविशारदाचं काम पूर्ण झाल्याचं पत्र आणि खात्यावर आलेले पैसे, तिन्ही हवं. पुढचं घर घ्याल तेव्हा मालक कितीही जवळचा असो, दोन पानांचा करार करा. ‘आपल्यात कसला कागद’ म्हणणारे मामा दाखल्याच्या वेळी उपयोगाला येत नाहीत.

७. अर्ज आत देणं

जिथे अर्ज ऑनलाइन घेतात तिथे ऑनलाइन, बाकी ठिकाणी आवक-जावक खिडकीवर. खिडकीवर दिलात तर तुमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. ‘ठेवा इथे, बघतो’ म्हणणाऱ्याच्या टेबलावर ठेवलेला अर्ज हा दिलेला अर्ज नव्हे.

फाइल साधारण बांधकाम लिपिक, नगर अभियंता, लेखा विभाग आणि मुख्याधिकारी अशी फिरते. त्रुटी निघाल्या तर लेखी मागा. तोंडी त्रुटी प्रत्येक फेरीला नवी निघते, लेखी एकदाच निघते. महिनाभर काही कळलं नाही तर साधं स्मरणपत्र द्या, त्याचीही पोच घ्या. त्यानंतरही हालचाल नसेल तर माहिती अधिकारात फाइलवरची टिपणी मागता येते, उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. पण ते हत्यार पहिल्याच महिन्यात काढू नका. याच टेबलांसमोर पुढे बिल घेऊन बसायचं आहे.

‘साहेबांचं बघायला लागेल’ म्हणणारा एखादा मध्यस्थ बाहेर चहाच्या टपरीवर भेटेल. मला भेटला होता. त्याने माझी फाइल जिथे अडकलीय म्हणून सांगितली, तिथे ती नव्हतीच.

८. डिजिटल सही आणि महाटेंडर्स

नोंदणी झाली म्हणजे तुम्ही यादीत आलात. निविदा भरायची तर महाटेंडर्स या राज्याच्या ऑनलाइन निविदांच्या पोर्टलवर खातं आणि क्लास ३ ची डिजिटल सही हवी. क्लास २ ची सही २०२१ पासून मिळत नाही. सही पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये येते. ती पोर्टलवरच्या तुमच्या खात्याला एकदा जोडावी लागते.

इथे भलेभले पडतात, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

दराच्या एक्सेल फाइलचं नाव बदलायचं नाही. ‘गटार काम दर’ असं सुटसुटीत नाव दिलंत की पोर्टल ती घेत नाही. सगळं चढवून झालं की निविदा ‘फ्रीझ’ करायची असते. ते बटण दाबलं नाही तर तुमच्या मते भरलेली निविदा पोर्टलच्या मते भरलेलीच नसते. पोर्टलवर वर दिसणारी वेळ हीच खरी वेळ, तुमच्या मोबाइलवरची नव्हे.

बयाणा रक्कम एनईएफटीने भरणार असाल तर निदान दोन दिवस आधी भरा. बँकेतून गेलेले पैसे पोर्टलवर दिसायला वेळ लागतो. शेवटच्या दिवसाच्या भरवशावर तर राहूच नका. किनाऱ्यावर वाऱ्याने एक झाड तारेवर पडलं की गावाची वीज जाते, मागोमाग नेटवर्क. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडची कित्येक गावं दीर्घकाळ अंधारात होती. एवढं नको, साध्या पावसातही अर्धा दिवस जातो.

सायबर कॅफेवाल्याकडून निविदा भरून घ्यायला हरकत नाही. टोकन मात्र त्याच्याकडे ठेवू नका. ती सही कायद्याने तुमची सही आहे. तसंच ‘तुमचं लायसन वापरू द्या, बसल्या जागी टक्का देतो’ म्हणणाऱ्यालाही दारातूनच वाटेला लावा. भिंत पडली तर नोटीस तुमच्या नावाने येते, आणि जीएसटी भरायचा राहिला तर वसुलीही तुमच्याकडूनच.

९. पहिली निविदा भरताना

आधी जागेवर जा. अंदाजपत्रक कार्यालयात बसून केलेलं असतं. कातळ किती, माती किती, चिरे-खडी कुठून येणार, गाडी जागेपर्यंत जाते की शेवटचे दोनशे फूट डोक्यावरून न्यायचं, हे जागेवरच कळतं. पाखाडीच्या कामात गाडी जातच नाही, म्हणून तर पाखाडी असते. तिथे साहित्य डोक्यावरून वाहायचे दर अंदाजपत्रकात धरलेत का ते पाहा. पाण्याचंही बघा. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर काँक्रीटला ते चालत नाही, टँकर धरावा लागतो. खारी हवा सळई लवकर खाते, म्हणून सळई उघड्यावर टाकून पावसाळा काढायचा नाही.

बी-१ निविदेत अंदाजपत्रकाच्या किती टक्के वर किंवा खाली ते सांगायचं असतं, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर. नवीन माणूस काम मिळवायच्या ओढीने २०-२५ टक्के ‘बिलो’ जातो. जितकं खाली जाल तितकी जादा सुरक्षा ठेव भरावी लागते, हे त्याला निविदा उघडल्यावर कळतं. लिफाफा क्रमांक १ मध्ये कागद आणि २ मध्ये दर. एकमध्ये एखादा कागद मुदत संपलेला निघाला तर दुसरा उघडतच नाही.

काम कोणत्या निधीतलं आहे तेही विचारा: जिल्हा नियोजन, नगरोत्थान, वित्त आयोग की नगरपरिषदेचा स्वनिधी. निधी आलेला आहे की ‘येणार आहे’, यावर तुमचं बिल अवलंबून. बिलं थकली म्हणून २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदार रस्त्यावर उतरले होते. त्यातले बरेच जण माझ्या-तुमच्यापेक्षा मोठे. पहिलं काम असं घ्या की बिल सहा महिने आलं नाही तरी घर चालेल.

कार्यारंभ आदेश हातात पडल्याशिवाय एक टिकावही मारू नका. ‘सुरू करा, आदेश येतोय’ असं तोंडी सांगतात आणि मध्येच आचारसंहिता लागते.

१०. बिलातून काय काय कापलं जातं

समजा जीएसटी सोडून १० लाखांचं काम झालं. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. सरकारी कामांना पूर्वी १२ टक्के होता, १८ जुलै २०२२ पासून १८ झाला. मग कपात: प्रोप्रायटर असाल तर आयकर १ टक्का म्हणजे १०,००० रुपये. करार अडीच लाखांच्या वर असल्याने जीएसटीचा टीडीएस २ टक्के, २०,०००. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा उपकर १ टक्का, १०,०००. हेच ४०,००० झाले. शिवाय सुरक्षा अनामत, जी दोष दायित्व कालावधी (काम झाल्यावर निघालेले दोष तुम्हीच दुरुस्त करायचा काळ) संपेपर्यंत अडकून राहते. कामाचा विमा काढला नसेल तर त्याची रक्कमही वळती होते.

आयकराचे आणि जीएसटी टीडीएसचे पैसे बुडत नाहीत, विवरणात जमा दिसतात. मात्र तुमच्या पॅनवर ते जमा झालेत का ते दर तीन महिन्यांनी बघायचं. उपकर गेला तो गेला. म्हणून तो दरातच धरायचा, आणि तुमचे मजूर बांधकाम कामगार मंडळात नोंदवून घ्यायचे. त्यांना ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो आळस न करता लिहून द्या, त्यांच्याच कल्याणासाठी तो पैसा कापलेला आहे.

राहिली रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वधन. चिरे, खडी, मुरूम, वाळू यांच्या प्रत्येक गाडीचा वाहतूक पास जपून ठेवा. पास दाखवता आले नाहीत तर स्वामित्वधन तुमच्या बिलातून वसूल होतं. खाणवाल्याने ते आधीच दरात घेतलेलं असतं, म्हणजे तुम्ही दोनदा भरता. आमच्या पहिल्या गटाराच्या कामात चिऱ्याचे एकवीस पास गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले होते. भिजून लगदा झाला, आणि ती कापलेली रक्कम आजही बाबा जेवताना काढतात. आता गाडी उतरली की पासचा फोटो, आणि मूळ पास डब्यात. डबा मोजमाप पुस्तिकेवर सह्या होईपर्यंत उघडायचा नाही.

नोंदणीची मुदत संपायची तारीख त्याच डब्याच्या झाकणावर लिहून ठेवली आहे. नूतनीकरणाचा अर्ज तीन महिने आधी द्यायचा, आणि ऐपत दाखला तेव्हाही शेवटीच काढायचा.